टंचाईतली काटकसर आणि वाट्याचा धर्म

टंचाई आली की घरखर्चातली पहिली कात्री किराण्याला लागते. बियाण्याची उधारी, शाळेची फी, दवाखाना हे खर्च माणसाला अडवून धरतात. तेल, डाळ आणि साखर मात्र पावशेराने कमी आणता येतात. वरवर निव्वळ हिशेबाचा वाटणारा हा विषय धर्मविचारात फार पूर्वीपासून आलेला आहे. धान्य अपुरे असताना घरात किती साठवावे, कोणी आधी जेवावे, दारी आलेल्याला काय द्यावे, शिळे टाकावे की खावे, एरवी वर्ज्य असलेले खाऊन जगावे की उपाशी मरावे, या प्रश्नांची उत्तरे उपनिषदांत आहेत, स्मृतींत आहेत, संतचरित्रांत आहेत आणि चातुर्मासाच्या नेमांतही आहेत. ती एकमेकांशी नेहमी जुळत नाहीत. तरी एक कसोटी त्यांत पुन्हा पुन्हा दिसते: वाचवलेला घास कोणाच्या वाट्याचा होता.

ही कसोटी तपासून पाहायला हिंगोली जिल्हा सोयीचा आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे पाच तालुके आहेत आणि शेती बरीचशी पावसाच्या भरवशावर चालते. संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नरसी कयाधू नदीच्या काठी आहे. औंढ्याला नागनाथाचे ज्योतिर्लिंग आहे आणि नामदेवांचे गुरू विसोबा खेचर यांची कथाही तिथलीच. शिरड शहापूरला मल्लिनाथाचे दिगंबर जैन क्षेत्र आहे. गावोगाव बौद्ध आणि मुस्लिम वस्ती आहे. अन्नाविषयी वेगवेगळे नियम सांगणाऱ्या या परंपरांची माणसे आठवडी बाजारात एकाच दुकानासमोर पिशवी घेऊन उभी असतात आणि भाव ऐकून सारखीच गप्प होतात.

इथल्या टंचाईचे रूप गेल्या काही दशकांत बदलले आहे. पूर्वी खरिपात ज्वारी, मूग, उडीद, तूर घरचीच असे; पाऊस हुकला की कणगी रिकामी राही. आता खरिपाचे मोठे क्षेत्र सोयाबीनने व्यापले आहे आणि वसमतसारख्या भागात हळद मुख्य पीक झाली आहे. सोयाबीन किंवा हळद घरात ठेवून पोट भरत नाही. ती विकून गहू, ज्वारी, तांदूळ, तेल आणावे लागते. परिणामी शेतकऱ्याच्या घरातही किराण्याची यादी होते आणि सोयाबीनचा भाव पडला की टंचाई थेट स्वयंपाकघरात शिरते. शेतात पीक उभे असताना डब्यात डाळ नसणे, ही अवस्था जुन्या ग्रंथकारांनी पाहिलेली नव्हती. त्यांनी सांगितलेले नियम मात्र तिलाही लागू पडतात.

छांदोग्य उपनिषदाच्या पहिल्या अध्यायात उषस्ती चाक्रायणाची गोष्ट आहे. कुरुदेशातले पीक नष्ट झाले होते. उषस्ती आपली पत्नी आटिकी हिच्यासह एका परक्या गावात हलाखीत दिवस काढत होता. तिथला एक जण उकडलेले हलके कडधान्य खात बसला होता. उषस्तीने त्याच्याजवळ मागितले. तो म्हणाला, माझ्या पुढ्यात आहे ते उष्टे, याखेरीज काही नाही. उषस्तीने तेच घेतले. मग तो माणूस पाणी देऊ लागला, तेव्हा उषस्तीने ते नाकारले, कारण ते उष्टे होते. धान्य उष्टे नव्हते काय, या प्रश्नावर त्याचे उत्तर असे की ते खाल्ले नसते तर जगलो नसतो. पाणी मात्र हवे तेव्हा मिळते.

आपद्धर्म या कल्पनेची इतकी नेमकी मांडणी पुढच्या मोठमोठ्या ग्रंथांतही क्वचितच सापडते. संकटात नियम मोडायला मुभा आहे, पण गरज जिथे संपते तिथे मुभाही संपते. महाभारताच्या शांतिपर्वात हाच प्रश्न अधिक उग्र रूपाने येतो. बारा वर्षांच्या अवर्षणात विश्वामित्र एका चांडाळाच्या घरातून कुत्र्याचे मांस उचलतो आणि तो चांडाळच ऋषीला शास्त्र ऐकवून थांबवू पाहतो. विश्वामित्राचा पवित्रा असा की आधी जगावे, मग धर्म आचरावा. उषस्तीची भूमिका याहून सूक्ष्म आहे. जगण्यापुरते घेतल्यावर तो लगेच नियमाकडे परततो.

या गोष्टीचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. उरलेले धान्य उषस्ती पत्नीसाठी घरी घेऊन गेला. तिला त्या दिवशी भिक्षा चांगली मिळाली होती, म्हणून तिने ते ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी राजाकडे यज्ञ असल्याचे त्याला कळले, पण तिथवर जायला अंगात त्राण हवे होते. आटिकीने कालचे तेच धान्य पुढे केले. ते खाऊन तो गेला आणि यज्ञात त्याला मानाचे काम मिळाले. उपनिषदाने तत्त्वज्ञान सगळे उषस्तीच्या तोंडी घातले आहे. प्रसंग मात्र तिने न खाता ठेवलेल्या ओंजळभर दाण्यांवर उभा आहे.

साठ्याविषयी मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात गृहस्थ ब्राह्मणाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: कोठारभर धान्य असलेला, रांजणभर असलेला, तीन दिवसांपुरते असलेला आणि उद्यासाठी काहीच न ठेवणारा. यांतला पुढचा पुढचा श्रेष्ठ. कोठारभर म्हणजे नेमके किती दिवसांचे, यावर टीकाकारांचे एकमत नाही. कोणी ते वर्षांत मोजतो, कोणी दिवसांत. नियम एकाच वर्णापुरता आहे आणि तो पाळणाऱ्याला दक्षिणा-भिक्षेचा आधार गृहीत धरतो, हेही नोंदवायला हवे. ज्याला दुसऱ्याच्या कोठारातून मिळण्याची खात्री आहे, त्याला स्वतःचे कोठार रिकामे ठेवणे परवडते. कुणब्याला ते परवडत नाही. त्याने चार महिन्यांचे धान्य, बियाणे आणि बैलांची वैरण राखली नाही तर पुढच्या मृगात पेरायचे काय, हा प्रश्न येतो.

मराठवाड्यात पूर्वी या साठ्यासाठी जमिनीत पेव खणत, घराच्या भिंतीत किंवा जमिनीखाली बळद असे, अंगणात किंवा माजघरात तुरीच्या काड्यांची शेणाने सारवलेली कणगी असे. ज्वारीत कडुनिंबाचा पाला घालत, कडधान्याला राख चोळत, तुरीला एरंडेल लावत. पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नसत; कोंडलेली हवा माणसाला गुदमरवते, हे अनुभवाने ठाऊक होते. चांगल्या वर्षी भरलेले पेव वाईट वर्षी उघडणे याला कोणी लोभ म्हणत नसे. तेच पेव वाईट वर्षी बंद ठेवून भाव चढायची वाट पाहणाऱ्याचे नाव मात्र गावात वाईट निघे.

जैन परंपरेने ही रेषा अधिक काटेकोरपणे आखली आहे. श्रावकाच्या अणुव्रतांत परिग्रहाची मर्यादा येते आणि ज्या वस्तूंची मर्यादा ठरवून घ्यायची त्यांत शेत, घर, सोने यांच्याबरोबर धान्याचाही नावानिशी उल्लेख आहे. मुनीप्रमाणे सगळे सोडणे गृहस्थाकडून अपेक्षित नसते. आकडा त्याने स्वतः ठरवायचा आणि मग ओलांडायचा नाही. बौद्ध भिक्खूला रात्र उलटलेले साठवणीचे अन्न खाण्यास विनयाने मनाई केली आहे, पण उपासकावर ते बंधन नाही. इस्लामी धर्मशास्त्रात भाव वाढावा म्हणून अन्न दाबून ठेवणे निषिद्ध आहे. त्यातही हनफी विधिज्ञ भेद करतात: स्वतःच्या शेतातले पीक घरात ठेवणारा दोषी ठरत नाही, गावच्या बाजारातले धान्य विकत घेऊन रोखून धरणारा दोषी ठरतो. शिवाय ईदच्या नमाजाआधी ठरावीक मापाचे धान्य किंवा त्याची किंमत गरिबाला पोचवावी लागते, म्हणजे सणाच्या दिवशी कोणाची चूल थंड राहू नये. वेगवेगळ्या मुलखांत आणि शतकांत घडलेल्या या नियमांचा रोख एकच दिसतो. स्वतःच्या उत्पन्नातून स्वतःसाठी राखलेले धान्य ही तरतूद. ज्यावर इतरांचेही पोट अवलंबून आहे ते अडवणे हा अपराध. १९५५ चा जीवनावश्यक वस्तू कायदा व्यापाऱ्याच्या साठ्यावर मर्यादा घालू देतो, त्याच्या मुळाशीही हाच भेद आहे.

संतचरित्रांत हा प्रश्न शास्त्राच्या पानांवरून उठून घराच्या उंबऱ्यात येतो. नामदेवांच्या घरची ओढाताण प्रसिद्ध आहे. आई गोणाई आणि पत्नी राजाई यांची गाऱ्हाणी नामदेवांच्या नावाने चालत आलेल्या गाथेतच जपली गेली आहेत: हा विठ्ठलापाशी बसतो, घरात खायला नाही, पोराबाळांनी काय करायचे. भक्तिपरंपरेने ही गाऱ्हाणी पुसून टाकली नाहीत, याला महत्त्व आहे.

महिपतीने १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या भक्तविजयात परिसा भागवताची कथा येते. त्याच्याजवळ परीस होता. त्याच्या बायकोने मैत्रिणीची दैना पाहून तो राजाईला थोड्या वेळापुरता दिला. राजाईने लोखंडाचे सोने करून बाजारातून सामान आणले, पुष्कळ दिवसांनी घरात नीट स्वयंपाक झाला. नामदेव आले, हे कुठून आले म्हणून विचारले आणि परीस चंद्रभागेत टाकून दिला. परिसा भागवत चिडून आला तेव्हा नामदेवांनी नदीतून मूठभर खडे काढून दाखवले. सगळेच परीस होते.

कथेचा रूढ अर्थ वैराग्याचा आहे: भक्ताला सोने आणि खडा सारखे. तो अर्थ खराच, पण तेवढ्याने राजाईचा प्रश्न सुटत नाही. नदीतले सगळे खडे परीस असले तरी संध्याकाळी डाळ कुठून येणार, हे कथा सांगत नाही. दुसऱ्या बाजूने पाहता राजाईची उणीवही कथेत आहे. परीस तिचा नव्हता आणि त्याच्या मालकाला न विचारता तो आणला गेला होता. घर चालवणारीची नड आणि परक्याच्या वस्तूचा मोह यांतली सीमा कुठे, याचा निवाडा महिपती करत नाही. त्याला चमत्कार महत्त्वाचा. वाचकाने मात्र राजाईची बाजू सोडून देऊ नये. वैराग्य घेणाऱ्याने स्वतःच्या वाट्याचे सोडले की मुलांच्या वाट्याचेही, हे त्याच्या घरच्यांना विचारूनच ठरवता येते.

याच मुद्द्यावर तुकोबांच्या चरित्रातला एक तपशील फार बोलका आहे. १६३० ते १६३२ च्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी अन्नान्न करून गेली, सावकारी आणि दुकान बुडाले. पुढे लोकांकडून येणे असलेल्या कर्जाची खते त्यांनी इंद्रायणीत बुडवली. पण सगळी नाही. आधी धाकटा भाऊ कान्होबा याच्याबरोबर वाटणी केली, त्याच्या वाट्याची खते त्याला दिली आणि आपल्या वाट्याची तेवढी बुडवली. भावाच्या येण्यावर पाणी सोडण्याचा अधिकार आपल्याला नाही, ही जाणीव त्या कृतीत आहे. त्यागाच्या भरात सहसा हेच विसरले जाते.

महाभारताच्या आश्वमेधिक पर्वाच्या शेवटी येणारी मुंगसाची गोष्ट हा विचार शेवटच्या टोकाला नेते. कुरुक्षेत्रावर कापणीनंतर शेतात सांडलेले दाणे वेचून जगणारे एक कुटुंब होते: ब्राह्मण, त्याची बायको, मुलगा आणि सून. दुष्काळात त्यांना कसेबसे मापभर जव मिळाले. त्याचे पीठ करून चार समान वाटे केले. जेवायला बसणार तोच पाहुणा आला. ब्राह्मणाने आपला वाटा दिला; पाहुण्याचे पोट भरले नाही. बायकोने आपला वाटा पुढे केला, तेव्हा ब्राह्मण कचरला. मग मुलगा, मग सून. प्रत्येक वेळी घरच्या कर्त्याने आधी नकार दिला, कारण तो घास त्याचा नव्हता. प्रत्येकाने आपापला वाटा स्वतःच्या तोंडाने देऊ केला तेव्हाच तो पाहुण्याच्या पानात गेला. तिथल्या सांडलेल्या पिठात लोळून मुंगसाचे अर्धे अंग सोन्याचे झाले. उरलेले अर्धे युधिष्ठिराच्या अश्वमेधातही झाले नाही. कथेतला पाहुणा म्हणजे प्रत्यक्ष धर्म होता, हे ग्रंथ नंतर सांगतो. गोष्टीची नैतिक धार मात्र त्या चार सारख्या वाट्यांत आहे. सुनेचाही वाटा सासऱ्याइतकाच होता.

दामाजीपंतांची कथा या कसोटीला अडचणीत आणते, म्हणून ती इथे घ्यायला हवी. मंगळवेढ्याला बिदरच्या बादशहाची धान्याची कोठारे होती आणि दामाजी त्यांचा अधिकारी होता. भुकेने माणसे मरू लागली तेव्हा त्याने परवानगीविना कोठारे उघडली. धान्य त्याच्या वाट्याचे नव्हतेच. कथेलाही ही अडचण ठाऊक असावी, कारण तिचा पुढचा सगळा भाग हिशेब चुकता करण्याचा आहे: विठ्ठल विठू महाराचे रूप घेऊन बिदरला जातो, धान्याची किंमत भरतो, पोचपावती आणतो. दान पुण्याचे होते एवढे म्हणून कथाकार थांबत नाही. दुसऱ्याच्या मालातून दान केले तर त्याची भरपाई व्हावी लागते, मग ती देवाला करावी लागली तरी. आणि बादशहाच्या कोठारातले धान्य मुळात कोणाच्या शेतातून सारा म्हणून आले होते, हा प्रश्न कथा विचारत नाही. ऐकणाऱ्या रयतेने तो मनात विचारला नसेल असे नाही.

बचतीचा दुसरा धार्मिक मार्ग उपवासाचा. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंतचा चातुर्मास हा हिंगोलीसारख्या जिरायती मुलखात नेमका तोंडमिळवणीचा काळ. जुने धान्य सरत आलेले, पेरणीत हातचा पैसा गेलेला, मूग-उडीद यायला वेळ, खरिपाची ज्वारी तर दिवाळीच्या आसपास. याच महिन्यांत एकभुक्त राहणे, एखादे धान्य किंवा भाजी सोडणे, श्रावणी सोमवार धरणे असे नेम येतात. टंचाईमुळेच ही व्रते निघाली असे म्हणणे फाजील धाडसाचे ठरेल, त्यांना स्वतंत्र धार्मिक अर्थ आहेत. पण जे धान्य तसेही पुरणार नव्हते ते सोडण्याला नेमाची प्रतिष्ठा मिळाली, हा आधार गरिबाला मोठा होता. जैनांच्या बाह्य तपांत भुकेपेक्षा दोन घास कमी खाण्याला स्वतंत्र नाव आणि स्थान आहे. पूर्ण उपवासाहून हे अवघड, कारण ताट समोर असताना थांबायचे असते.

उपवासाचे बाजारीकरण हा मात्र वेगळाच मामला. साबुदाणा, भगर, शेंगदाणे, राजगिरा, तूप यांची यादी केली तर एकादशीचा किराणा द्वादशीपेक्षा महाग पडतो. एकादशी दुप्पट खाशी ही थट्टा लोकांनीच केली आहे. १९६५ मध्ये धान्याची चणचण असताना पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले आणि अनेक घरांत सोमवारची रात्र उपवासाची झाली. तो उपवास फराळाने भरून काढायचा नव्हता, म्हणून त्याचा उपयोग झाला. सक्तीची भूक आणि स्वेच्छेचा उपवास यांतला फरक इथे स्पष्ट होतो. ज्याच्या घरी दोन वेळचे आहे त्यानेच एक वेळ सोडायची असते. ज्याला एकच वेळ मिळते त्याला उपवासाचे माहात्म्य सांगणे ही निर्दयता आहे, आणि ती कीर्तनांतूनही अधूनमधून ऐकू येते.

शिळ्या अन्नाबाबत शास्त्र आणि चूल यांचे बरेच जुने भांडण आहे. गीता शिळे, नासके, उष्टे अन्न तामस ठरवते. मनुस्मृती शिळ्याला मनाई करतानाच तेल-तूप लागलेल्या पदार्थाला सवलत देते. मराठवाड्यातल्या घरांनी ही सवलत नकळत पुरेपूर वापरली आहे. रात्रीची भाकरी सकाळी हाताने चुरायची, कढईत चमचाभर तेल, मोहरी, हिरवी मिरची, कांदा परतून त्यात टाकायची, पाण्याचा हबका मारून झाकण ठेवायचे; पोरे शाळेत जाण्याआधीचा नाश्ता होतो. तूर घरी भरडली तर डाळीबरोबर कळणाही निघतो. डाळ सणासुदीला, कळणा रोज, आणि चुणी जनावराला. ज्वारी भरडली की कण्या निघतात, त्या ताकात शिजतात. कृष्णाने दुर्योधनाचे पक्वान्न सोडून विदुराच्या घरी कण्या खाल्ल्या, असे मराठी भक्तिपरंपरा सांगते. कण्या खाणाऱ्या घराला त्या कथेने जो मान दिला, तो दुसऱ्या कशाने मिळाला नसता. पावसाळ्यात तरोटा, घोळ, अंबाडी अशा पाल्याने भाजीचा खर्च टळतो. जवस आणि कारळाची चटणी असली की तेवढ्यावर भाकरी जाते. यातले काही शास्त्रात लिहिलेले नाही, पण कोणाचा घास न काढता केलेली काटकसर म्हणून ती सगळ्यांत निर्मळ आहे.

सरवा वेचणे हाही असाच जुना मार्ग. पीक काढून झाले की शेतात पडलेल्या शेंगा, कणसे, दाणे भूमिहीन बायका आणि मुले वेचून नेतात. महाभारतातल्या मुंगसाच्या गोष्टीतले कुटुंब याच वृत्तीवर जगत होते आणि स्मृतींनी ती सर्वांत शुद्ध उपजीविकांत गणली. यहुदी धर्मग्रंथ तर शेतकऱ्यालाच आज्ञा देतात की बांधाकडेचे पीक कापू नये आणि सांडलेले उचलू नये, ते गरिबाचे आहे. मराठवाड्यात असा लेखी नियम नव्हता, रिवाज होता. ग्रंथांनी गौरवलेली ही वृत्ती गावात ज्यांच्या वाट्याला आली, त्यांना त्या गौरवातले काही मिळाले नाही. सोयाबीन काढणीला यंत्र आले, तणनाशके आली, शेताला कुंपणे पडली, तसा हा रिवाजही आक्रसत चालला आहे.

आता घरातल्या ताटाचा प्रश्न. टंचाईत घराची बचत होते म्हणजे प्रत्यक्षात कोणाचे तरी जेवण कमी होते. पुरुष आणि मुले आधी, बाई शेवटी, या पद्धतीत भांड्याच्या तळाशी राहिलेली आमटी आणि उरलेली भाकरी हा तिचा वाटा. चार भाकऱ्यांचे पीठ कमी घेतले तर त्या चार तिच्याच पानातून जातात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक, पण शेवटचे पान हे त्यांतले एक आहे हे नाकारता येणार नाही. या पानाला अन्नपूर्णेच्या त्यागाचे नाव देऊन धर्माने ते झाकून घेतले आहे. मुंगसाच्या गोष्टीत मात्र पाहुणा येण्याच्या आधीच चार वाटे झाले होते. सून स्वतःच्या हक्काचा वाटा देत होती, उरलेसुरले देत नव्हती. न मिळालेला वाटा दान करता येत नाही. तोच आधी काढून घेतला असेल तर पुढे त्याला तप म्हणण्यात अर्थ राहत नाही.

घराला लागू पडणारी ही कसोटी १९७२ च्या दुष्काळात राज्याला लागू झाली. मराठवाड्यात अजूनही वृद्ध माणसे सांगतात की बहात्तरचा दुष्काळ अन्नाचा होता, अलीकडचे पाण्याचे. त्या वेळी दुष्काळी कामांवर माणसे खडी फोडायला, पाझर तलाव आणि नाला बांधाच्या कामाला गेली. मे १९७३ मध्ये राज्यभर अशा कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी रेशनवर मिळे. तिची भाकरी नीट थापली जात नसे, तरी तिने माणसे जगवली. कामावर सुकडी वाटली जाई. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळाचा अभ्यास करताना दाखवले की धान्याचा तुटवडा मोठा असूनही त्याची झळ निरनिराळ्या थरांत बरीच विभागली गेली. मजुरी हातात आल्याने गरीबही बाजारात उभा राहू शकला. बंगालमध्ये १९४३ साली असे झाले नव्हते आणि तिथे लाखो माणसे मेली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या रोजगार हमीला पुढे कायद्याचे रूप मिळाले आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. दामाजीने परवानगीविना केले ते इथे कायद्याने आले, आणि घेणाऱ्याला ते भीक म्हणून न मिळता कष्टाचे दाम म्हणून मिळाले.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने वाटा माणशी मोजला: प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येकाला महिन्याला ५ किलो, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. याच कायद्याने शिधापत्रिकेसाठी घरातली वयाने सर्वांत मोठी प्रौढ स्त्री ही कुटुंबप्रमुख मानली. दुकानात अंगठा कोणाचाही लागो, कागदावर पहिले नाव तिचे. मराठवाड्यासह शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना पूर्वी स्वस्त धान्य मिळे. जानेवारी २०२३ पासून त्याऐवजी माणशी महिना १५० रुपये देण्याचे ठरले, पुढे ती रक्कम १७० झाली. हिंगोली या १४ जिल्ह्यांत आहे. पैसे स्त्री कुटुंबप्रमुखाच्या खात्यात जमा व्हायचे असतात. धान्य घरात आले की ते शिजतेच. पैसे आले की त्यांच्यावर बियाण्याचा, औषधाचा आणि देण्याघेण्याचा हक्क सांगितला जातो. पाच माणसांच्या घरात ८५० रुपये जमा झाले तर त्यांतून तेल-डाळ येते की खताची थकबाकी जाते, हे पासबुक जिच्या नावाचे आहे तिच्या शब्दाला घरात किती वजन आहे यावर ठरते.